सरपण तोडण्यासाठी मध्यम क्षमतेचा चेनसॉ : निवड, तुलना आणि वापर

रब्बीची काढणी आटोपत आली की बांधावरच्या बाभळी, वाळलेला कडुनिंब, मोडायला काढलेली सुबाभळीची ओळ यांच्याकडे लक्ष जाते. पावसाळ्याआधी सरपण तोडून, फोडून, रचून ठेवायचे असते. चूल गॅसवर गेली तरी अंघोळीचा बंब, लग्नकार्याचा स्वयंपाक, जनावरांचे खाद्य शिजवणे यासाठी जळण लागतेच. दिवसभर कुऱ्हाड चालवणारी माणसे मात्र आता गावात सहज मिळत नाहीत. त्यामुळे गेल्या काही वर्षांत पेट्रोलवर चालणारा चेनसॉ शेतकऱ्याच्या अवजारांत येऊन बसला आहे.

या हंगामात हमखास येणारा प्रश्न असा : “५८ सीसीची मशीन सात-आठ हजारांत मिळते. नामांकित कंपनीची ४५ सीसीची मशीन त्याच्या तिप्पट-चौपट पैशांत. मग ५८ का घेऊ नये?” प्रश्न रास्त आहे. पण नुसता सीसीचा आकडा पाहून त्याचे उत्तर मिळत नाही.

आधी काम मोजावे

मशीन पाहायला जाण्यापूर्वी घरीच तीन गोष्टी ठरवाव्यात. वर्षाकाठी किती दिवस मशीन चालणार, नेहमीचा बुंधा किती जाडीचा आणि लाकूड कोणते. वर्षातून एखाद-दुसरे झाड तोडायचे असेल तर मशीन घेऊच नये. गावातल्या मशीनवाल्याला रोजंदारीवर बोलवावे. न वापरलेल्या मशीनचा कार्बोरेटर चालत्या मशीनपेक्षा लवकर खराब होतो, हे लक्षात असू द्यावे.

वर्षाला आठ-दहा दिवस काम असेल आणि बुंधे ८ ते १४ इंच जाडीचे असतील, तर मध्यम क्षमतेची मशीन योग्य ठरते. या लेखात मध्यम म्हणजे साधारण ४० ते ५८ सीसीचे इंजिन आणि १६ ते २० इंचांचा बार असे धरले आहे. लाकडाचा प्रकारही महत्त्वाचा आहे. ओली सुबाभूळ किंवा निलगिरी लोण्यासारखी कापली जाते. दोन वर्षे उभी वाळलेली बाभूळ किंवा वेडी बाभूळ तीच मशीन घामाघूम करते. नारळाच्या खोडाचे तंतू चेनमध्ये गुंततात आणि धार लवकर जाते. म्हणून शेजाऱ्याची मशीन चांगली चालते म्हणून आपणही तीच घेण्यापूर्वी शेजारी काय कापतो ते विचारावे.

एक साधी गोष्ट अनेकजण उलटी करतात. झाड वाळवून मग कापतात. सरपण ओले असतानाच कापावे आणि फोडावे, मग वाळवावे. ओले लाकूड कापताना चेन व इंजिन दोन्हींवर ताण कमी येतो आणि छोटे तुकडे लवकर वाळतात.

सीसी, किलोवॅट आणि वजन

सीसी म्हणजे सिलिंडरमधील जागा. ताकद किलोवॅट किंवा अश्वशक्तीत मोजतात. दोन्ही आकडे नेहमी हातात हात घालून चालत नाहीत. उदाहरणार्थ, स्टिल कंपनीच्या एमएस २५० या मशीनचे इंजिन ४५.४ सीसीचे असून ताकद २.३ किलोवॅट, म्हणजे सुमारे ३.१ अश्वशक्ती आहे. बार आणि चेन वगळून वजन ४.६ किलो. हस्कवर्ना ४५० चे इंजिन ५०.२ सीसी, ताकद २.४ किलोवॅट आणि वजन पाच किलोच्या आसपास. त्याच कंपनीच्या ४४५ मध्ये ४५.७ सीसी व २.१ किलोवॅट मिळते. बाजारात अनेक नावांनी विकल्या जाणाऱ्या चिनी बनावटीच्या ५२ आणि ५८ सीसीच्या मशीनच्या पेटीवरही ताकदीचा आकडा याच पट्ट्यात लिहिलेला असतो. म्हणजे जास्त सीसी असूनही कागदावरची ताकद तेवढीच.

त्यातही पेटीवरचा ‘५८००’ हा मॉडेलचा क्रमांक आहे, इंजिनाचे माप नव्हे. पुस्तिकेत सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक दिलेला असेल तर खरे माप घरी काढता येते. व्यासाला व्यासाने गुणावे, त्याला स्ट्रोकने गुणावे (सर्व सेंटिमीटरमध्ये) आणि आलेल्या आकड्याला ०.७८५ ने गुणावे. समजा व्यास ४.५ सेंमी आणि स्ट्रोक ३.३ सेंमी आहे; उत्तर सुमारे ५२.५ सीसी येते. पेटीवर ५८ आणि हिशोबात ५२ आले तर दुकानदाराशी भाव करताना त्याचा उपयोग होईल.

वजनाकडे आपण फार दुर्लक्ष करतो. दुकानात मशीन दोन मिनिटे उचलून पाहतो आणि ‘हलकी आहे’ म्हणतो. कंपन्या देतात ते वजन बहुधा बार, चेन आणि इंधनाशिवायचे असते. २० किंवा २२ इंचांचा बार, चेन, पेट्रोल आणि ऑइल भरल्यावर ५८ सीसीची मशीन सात किलोच्या घरात जाते. चार तासांनी खांदे उतरतात, मशीनचे टोक खाली झुकते, आणि चुका नेमक्या अशा वेळी होतात. माझ्या मते सरपणाच्या कामात अर्धा किलो कमी वजन हे पाच सीसी जास्त असण्यापेक्षा मोलाचे आहे.

कोणती मशीन कोणासाठी

३० ते ३५ सीसीचा लहान गट आधी थोडक्यात पाहू, कारण अनेकांचे काम त्यातच भागते. स्टिल एमएस १८० हे या गटातले सर्वांच्या परिचयाचे यंत्र. इंजिन ३१.८ सीसी, ताकद दीड किलोवॅटच्या आसपास, वजन चार किलोच्या जवळ. आंबा-काजूच्या फांद्या, शेवगा, सहा-आठ इंचांचे बुंधे यासाठी पुरेसे आहे. वाळलेल्या बाभळीचा फूटभर जाडीचा बुंधा रोज कापायचा असेल तर मात्र ते थकते. डाळिंब आणि द्राक्षाच्या छाटणीसाठी आता बॅटरीवरच्या चार ते आठ इंची छोट्या करवती आल्या आहेत. त्या छाटणीसाठी चांगल्या आहेत. सरपणासाठी त्यांचा विचार करू नये.

४५ ते ५० सीसीचा नामांकित कंपन्यांचा गट हा सरपणासाठी खरा मध्यमवर्ग आहे. १६ किंवा १८ इंचांचा बार लावून दहा-बारा इंचांची बाभूळ हे यंत्र न कुंथता कापते. हाताला बसणारे हादरे कमी, चेनब्रेक खात्रीचा, आणि कार्बोरेटर एकदा बसला की वर्षभर त्याला हात लावावा लागत नाही. दोष दोन. किंमत, आणि सुटे भाग अधिकृत विक्रेत्याकडेच मिळणे. तालुक्याच्या ठिकाणी विक्रेता नसेल तर एका छोट्या भागासाठी जिल्ह्याला खेप पडते. खरेदीआधी जवळचा दुरुस्ती करणारा कोण, याची चौकशी करून ठेवावी.

५२-५८ सीसीच्या स्वस्त मशीनला सरसकट नावे ठेवणे मला पटत नाही. अनेक शेतकरी त्यावर चार-पाच हंगाम काढतात. त्यांचे सुटे भाग एकमेकांना चालतात, तालुक्याच्या बाजारात कार्बोरेटरपासून क्लचपर्यंत सर्व काही मिळते आणि गावातला मोटारसायकल मेकॅनिकही ती उघडू शकतो. पण एकाच नावाच्या दोन पेट्यांत दोन वेगळ्या प्रतीच्या मशीन निघतात. बारचे लोखंड मऊ, चेन लवकर लांबणारी, ऑइल पंप कधी जास्त तर कधी अजिबात ऑइल न देणारा, हे अनुभव नेहमीचे. ज्याला मशीन उघडून साफ करायची आवड आहे आणि वर्षाला आठवडाभराचेच काम आहे, त्याने ती घ्यायला हरकत नाही. मात्र सोबत आलेली चेन पहिल्या हंगामात बदलून चांगल्या प्रतीची घालावी. मशीनच्या किमतीच्या मानाने हा खर्च जड वाटतो, पण कापण्यातला फरक पहिल्याच ओंडक्यात कळतो. रोजंदारीवर तोडणी घेणाऱ्याने मात्र या गटात पडू नये. हंगामात दोन दिवस मशीन बंद पडली तर वाचवलेले पैसे तिथेच जातात.

बार किती इंची घ्यावा

मोठा बार म्हणजे मोठे काम, असा समज आहे. प्रत्यक्षात बार लांब असेल तितके जास्त दात एकाच वेळी लाकडात अडकतात, इंजिनावर ताण वाढतो, चेन ऑइल टोकापर्यंत पोचत नाही आणि बारचे टोक नजरेआड जाऊन भलत्याच फांदीला लागते. नेहमीच्या बुंध्याच्या जाडीपेक्षा बार दोन-तीन इंच मोठा असला की पुरे. कधीतरी येणारा मोठा ओंडका दोन्ही बाजूंनी कापता येतो. सरपणासाठी १६ किंवा १८ इंच माझी पहिली पसंती. स्वस्त मशीनसोबत २२ इंची बार ‘फ्री’ मिळत असेल तर तो विनम्रपणे नाकारून १८ इंची मागावा.

‘१८ इंची चेन द्या’ एवढे पुरत नाही

चेन विकत घेताना तीन आकडे लागतात : पिच, गेज आणि खालच्या दातांची, म्हणजे ड्राइव्ह लिंकची, संख्या. पिच मोजण्यासाठी लागून असलेल्या तीन रिव्हेटमधील अंतर घेऊन त्याचे निम्मे करतात. मध्यम मशीनवर बहुधा ०.३२५ इंच पिच असते. लहान मशीनवर ३/८ इंच लो-प्रोफाइल. गेज म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या दाताची जाडी, ती १.३, १.५ किंवा १.६ मिमी असते. एमएस २५० च्या १८ इंची बारला ०.३२५ पिचची १.६ मिमी गेजची ६८ लिंकची चेन लागते. स्वस्त ५२-५८ सीसीच्या १८ इंची बारला बहुधा १.५ मिमीची ७२ लिंकची. दोन्ही १८ इंचीच, पण एकीची चेन दुसरीला बसत नाही. हे आकडे बहुतेक बारच्या मागच्या भागावर कोरलेले असतात. मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवावा. लिंकची संख्या जुनी चेन सोडून मोजून घ्यावी.

पेट्रोल आणि टू-टी ऑइलचे प्रमाण

येथे माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी घरच्या शेतासाठी मी ५८ सीसीची स्वस्त मशीन घेतली. दुकानदाराने ‘लिटरला २० मिली ऑइल’ असे सांगितले. मीही पुस्तिका न उघडता तेच धरून चाललो. तिसऱ्या दिवशी वाळक्या बाभळीत भर दुपारी मशीन आवाज चढवून थांबली, पुन्हा दोरी ओढली तर हलेना. सिलिंडर उघडल्यावर पिस्टनवर उभे ओरखडे दिसले. पुस्तिकेत स्पष्ट लिहिले होते, १:२५. म्हणजे लिटरला ४० मिली. मी निम्मेच ऑइल देत होतो. शिकवायचे काम करणाऱ्याने पुस्तिका वाचू नये, याची घरात अजून आठवण काढली जाते.

हिशोब असा. १:५० म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल, १:२५ म्हणजे ४० मिली. स्टिल आणि हस्कवर्ना यांच्या स्वतःच्या ऑइलला १:५० चालते. दुसरे ऑइल वापरल्यास पुस्तिकेत वेगळे, जास्त ऑइलचे प्रमाण दिलेले असते. स्वस्त मशीनला बहुधा १:२५ सांगितलेले असते. चारचाकीचे इंजिन ऑइल टू-स्ट्रोकमध्ये कधीही घालू नये. एअर-कूल्ड टू-स्ट्रोक इंजिनासाठीचे, जासो एफसी किंवा एफडी दर्जाचे ऑइल मागावे. मिश्रण वेगळ्या स्वच्छ कॅनमध्ये करावे, टाकीत नव्हे. कॅनवर प्रमाण आणि तारीख रंगाने लिहावी आणि महिन्यापेक्षा जुने मिश्रण मशीनमध्ये घालू नये.

इथेनॉलचा मुद्दा नवा आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर चेनसॉच्या अनेक पुस्तिकांत १० टक्क्यांची मर्यादा दिलेली आहे. इथेनॉल हवेतील ओलावा ओढते; मिश्रण बरेच दिवस टाकीत राहिले तर कार्बोरेटरचा पातळ पडदा कडक होतो आणि नळ्या फुगतात. यावर आपल्या हातात असलेला उपाय म्हणजे लागेल तेवढेच मिश्रण करणे आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करून, मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवणे.

आणखी एक सवय सोडावी. मशीन ‘ओढत नाही’ म्हणून किंवा पेट्रोल वाचावे म्हणून काही मेकॅनिक कार्बोरेटरचा हाय-स्पीडचा स्क्रू आवळतात. आवाज खणखणीत होतो, मशीन धावल्यासारखी वाटते. पण पेट्रोल कमी म्हणजे त्यात मिसळलेले ऑइलही कमी. माझ्या पिस्टनला जे झाले तेच तुमच्याही होईल. मशीन ओढत नसेल तर आधी एअर फिल्टर धुवावा, मग चेनची धार पाहावी. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

चेनसाठी जळके ऑइल नको

ट्रॅक्टरचे काढलेले जळके ऑइल चेनच्या टाकीत घालण्याची पद्धत गावोगाव आहे. त्यातले धातूचे बारीक कण ऑइल पंप आणि बारची खाच घासतात, ते पंपात साचते, आणि चेन सेकंदाला वीस मीटरच्या आसपास वेगाने फिरत असताना तेच ऑइल तुषार होऊन अंगावर, नाकातोंडावर उडते. ते त्वचेला अपायकारक आहे. शिवाय ते शेवटी आपल्याच जमिनीत जाते. चेनचे ऑइल मिळाले नाही तर एसएई ३० दर्जाचे नवे ऑइल वापरावे. फळझाडांवर काम करताना मी खाद्यतेल वापरतो. मात्र काम झाल्यावर बार पुसावा लागतो, नाहीतर ते चिकट होऊन बसते.

पेट्रोल भरताना दर वेळी चेन ऑइलही भरावे. ऑइल येते की नाही हे पाहण्यासाठी बारचे टोक पांढऱ्या कागदासमोर किंवा ताज्या कापलेल्या बुंध्यासमोर वीतभर अंतरावर धरून मशीन वाढवावी. ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे. पेट्रोलची टाकी संपली आणि ऑइलची भरलेलीच राहिली तर पंप किंवा छिद्र तुंबले आहे, तिथेच थांबावे.

धार : मशीनची अर्धी ताकद इथे आहे

२.३ किलोवॅटची धारदार मशीन २.६ किलोवॅटच्या बोथट मशीनला सहज मागे टाकते. धार ओळखायला यंत्र लागत नाही. खाली पडणारा चुरा पाहावा. ढलप्यासारखे जाडसर तुकडे पडत असतील तर धार चांगली. पिठासारखा भुसा पडू लागला, मशीन दाबावी लागली किंवा धूर आला की धार गेली. बुंध्याला लागलेली माती, बांधातला दगड, जुनी तार किंवा खिळा यांपैकी एकाला चेन लागली तरी धार एका क्षणात जाते. ओंडका जमिनीवर पडला असेल तर वरून दोन-तृतीयांश कापून तो लोळवावा आणि मग उरलेला भाग कापावा. बुंध्याजवळची साल मातीने माखलेली असेल तर कुऱ्हाडीने थोडी तासून घ्यावी.

कानस गोल आणि योग्य मापाची हवी. ०.३२५ पिचला ४.८ मिमी, ३/८ लो-प्रोफाइलला ४ मिमी. दाताशी ३० अंशांचा कोन धरून कानस आतून बाहेर, एकाच दिशेने, ढकलावी. मागे ओढताना घासू नये. प्रत्येक दाताला सारखेच तीन-चार हात द्यावेत. एका बाजूचे दात आखूड झाले की कापताना बार त्या बाजूला वळतो आणि ओंडका तिरका कापला जातो. मग लोक बारला दोष देतात. दातापुढचा बुटका उंचवटा, ज्याला रेकर म्हणतात, तो दातापेक्षा सुमारे ०.६५ मिमी खाली असावा. दात अनेकदा घासून झिजले की रेकर वर राहतो आणि चेन लाकूड घेतच नाही. तो चपट्या कानशीने किंचित उतरवावा. जास्त उतरवला तर चेन लाकडात अडकून झटके मारते.

रोज दोन टाक्या संपल्या की एकदा कानस लावावी. चेनचा ताण मशीन थंड असताना पाहावा : चेन बारच्या खालच्या बाजूला टेकलेली असावी आणि हातमोजा घालून ओढली तर सहज फिरावी. गरम चेन लांबते, म्हणून कामानंतर ताण थोडा सैल करून ठेवावा. थंड होताना आवळली तर क्रँकशाफ्टवर ताण येतो. बार आठवड्यातून एकदा उलटा बसवावा म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झिजतात.

दुकानात मशीन घेताना

पेटीतून काढलेली मशीन दुकानासमोर सुरू करून पाहावी. मशीन मंद चालत असताना चेन अजिबात फिरता कामा नये. फिरली तर क्लच किंवा मंद गतीची जुळणी चुकलेली आहे. पुढचे संरक्षक कवच ढकलून चेनब्रेक लावावा आणि चेन तत्काळ थांबते का ते पाहावे. ट्रिगरच्या वरचे लॉक न दाबता ट्रिगर दबत असेल तर मशीन परत करावी. खालच्या बाजूला, बारजवळ, तुटलेली चेन अडवणारी एक खुंटी असते. काही स्वस्त मशीनमध्ये ती पातळ प्लॅस्टिकची असते किंवा नसतेच. एवढ्या चार गोष्टींत उणे निघालेली मशीन किमतीकडे न पाहता सोडावी. बाकी मुठींना स्प्रिंगचे की रबराचे आधार आहेत, पुस्तिका मिळते का, बिल पक्के आहे का, हे ओघाने आलेच.

अपघात कुठे होतात

जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, त्यानंतर श्रीवर्धन भागात आंबा, नारळ, सुपारीची पडलेली झाडे काढण्याचे काम महिनोन्‌महिने चालू होते. तेव्हा अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा चेनसॉ हातात घेतला. मी ज्या बागेत उभा होतो तिथे एक विशी-बाविशीचा मुलगा आडवे पडलेले आंब्याचे खोड वरून कापत होता. खोड दोन्ही टोकांना टेकलेले, मध्ये अधांतरी. निम्म्यावर आल्यावर काप मिटला, बार अडकला. त्याने मशीन हिसकली, ती सुटली आणि फिरती चेन मांडीला लागली. लुंगी होती म्हणून कापड गुंतले आणि चेन मंदावली. तरी जखम खोल होती. त्याला जीपने हलवले. तो वाचला, चालतो, पण पुन्हा मशीनला हात लावत नाही.

दोन्ही टोकांना टेकलेल्या खोडात वरचा भाग दाबाखाली आणि खालचा ताणाखाली असतो. अशा वेळी वरून फक्त एक-तृतीयांश कापावे, नंतर खालून वर येत काप पूर्ण करावा. एकच टोक टेकलेले आणि दुसरे अधांतरी असेल तर उलट : आधी खालून एक-तृतीयांश, मग वरून. बार अडकलाच तर मशीन बंद करावी, पाचर ठोकून काप उघडावा, मग काढावी. हिसकू नये.

दुसरा मोठा धोका म्हणजे उलटा झटका. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग कशालाही लागला की मशीन डोळ्याची पापणी लवण्याआधी मागे, चेहऱ्याच्या दिशेने उसळते. म्हणून टोकाने कापू नये, खांद्याच्या वर मशीन उचलू नये, शिडीवर चढून चालवू नये. डावा हात सरळ, अंगठा मुठीखालून गुंडाळलेला असावा आणि शरीर बारच्या रेषेत न ठेवता किंचित डावीकडे असावे. सुरू करताना मशीन जमिनीवर, उजवा पाय मागच्या मुठीत, चेनब्रेक लावलेला. हवेत लटकवून दोरी ओढण्याची पद्धत दिसायला रुबाबदार असते, एवढेच.

गॉगल, कानात बोळे किंवा इअरमफ, बूट आणि मांडीला संरक्षण देणारी पँट असावी. या मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. रोज चालवणाऱ्यांच्या कानाला त्याचा परिणाम हळूहळू होतो आणि तो भरून येत नाही. गळ्यात टॉवेल, उपरणे, सैल सदरा नको. उभे झाड पाडताना झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरे कोणी नसावे, पण हाकेच्या अंतरावर एक माणूस असावाच. झाडाजवळून वीजवाहिनी जात असेल तर आधी महावितरणला कळवून वीजपुरवठा बंद करून घ्यावा. त्याआधी झाडाला हात लावू नये.

परवानगीचा मुद्दा

स्वतःच्या बांधावरचे झाड असले तरी महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार काही जाती अनुसूचित आहेत. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, मोह, साग, खैर, ऐन, किंजळ, चंदन ही त्यांतली नेहमी भेटणारी नावे. ही झाडे तोडण्यापूर्वी अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. बाकीच्या जातींसाठी आणि लाकूड वाहून नेण्यासाठी आपल्या भागात काय नियम लागू आहेत, ते वन परिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावे. मशीन हातात आली की झाड पाच मिनिटांत आडवे होते, आणि मग परवानगी मागायला उशीर झालेला असतो.

तोडणीनंतर खुंटाचे काय

हे माझ्या विषयातले, म्हणून थोडे सांगतो. सुबाभूळ आणि निलगिरी पुन्हा फुटायला हवी असेल तर खुंट जमिनीपासून थोडा उंच ठेवून, पाणी साचू नये असा किंचित तिरका आणि गुळगुळीत काप घ्यावा. चेनसॉचा काप कुऱ्हाडीपेक्षा यासाठी चांगला, कारण खुंट फाटत नाही आणि साल सुटत नाही. फुटवे आले की प्रत्येक खुंटावर दोन-तीनच जोमदार ठेवावेत. जुन्या आंब्याच्या पुनरुज्जीवनासाठी मोठ्या फांद्या कापत असाल तर कापलेल्या भागावर त्याच दिवशी १० टक्के बोर्डो पेस्ट लावावी : एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. फांदी वरून एकदम कापू नये. खालून थोडा काप देऊन मग वरून कापल्यास साल खोडापर्यंत सोलली जात नाही.

पावसाळ्यात मशीन ठेवताना

शेवटच्या दिवशी टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवावी. एअर फिल्टर साबणाच्या पाण्याने धुऊन सुकवावा. क्लचचे कव्हर काढून आत साचलेला ऑइलमिश्रित भुसा खरवडून काढावा. हाच भुसा पावसाळ्यात ओलावा धरून गंज चढवतो. चेन काढून ऑइलमध्ये बुडवून ठेवावी, बारची खाच पातळ पट्टीने साफ करावी. स्प्रॉकेटवर चेनने खोल खाचा पाडल्या असतील तर तो नव्या चेनसोबत बदलावा, कारण झिजलेला स्प्रॉकेट नवी चेन महिन्याभरात लांबवतो. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर टू-टी ऑइल टाकावे, दोरी दोन-तीन वेळा हळू ओढावी आणि प्लग परत बसवावा. मशीन खताच्या पोत्यांशेजारी ठेवू नये. युरियाच्या ओलाव्याने ॲल्युमिनियमचे भाग पांढरे पडतात. बारला कव्हर घालून मशीन कोरड्या जागी उंचावर, मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी टांगावी.